कोऱ्या पट्टीचा प्रश्न

निर्मितीच्या क्षणी कलावंताने कोणाचा विचार करावा, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिणारा लेखक आणि 'स्वान्तःसुखाय' लिहिणारा लेखक यांच्यातील भेद पुष्कळ चर्चिला गेला आहे. पुरस्कार, परीक्षक, शासकीय समित्यांचे निवाडे यांविषयीही कमी लिहिले गेलेले नाही. मात्र या दोहोंच्या मधला एक क्षण सहसा दुर्लक्षित राहतो. कृती जवळजवळ पूर्ण झालेली आहे, निवाडा अजून व्हायचा आहे, आणि आपली कृती कोणाच्या निवाड्यापुढे न्यायची हे कर्त्याला ठरवायचे आहे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडेपर्यंत मराठी कथालेखकाला आपली कथा तेथे पाठवावी की अन्यत्र, हे ठरवताना त्या कथेविषयीच काही ठरवावे लागत असे. कलाविद्यार्थ्यापुढे हा क्षण स्पर्धेच्या निवडीच्या रूपाने उभा राहतो. कोणत्या स्पर्धेचा अर्ज भरावा, ही बाब वरकरणी प्रवेशशुल्क, शेवटची तारीख आणि बक्षिसाची रक्कम यांच्या हिशेबाची वाटते. ती तेवढीच आहे काय, की तिला नैतिक म्हणता येईल असे काही अंग आहे, हा येथील प्रश्न आहे.

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक उदाहरण कल्पावे. मुद्राचित्रणाच्या शेवटच्या वर्षाला असलेली, देशावरच्या एका गावातून मुंबईत शिकायला आलेली एक विद्यार्थिनी आहे. आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्यांवर तिने आठ लिनोकट केले आहेत. लिनो निवडण्यामागे सौंदर्यदृष्टीइतकीच अडचणही आहे. एचिंगला प्रेस लागतो, ॲसिडची सोय लागते. महाविद्यालयाचे दार बंद झाले की या दोन्ही गोष्टी हातच्या जातात. लिनोचा ब्लॉक मात्र शाई लावून, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला तरी छापता येतो. या आठांपैकी एका ब्लॉकवर जात्याचा खुंटा धरलेले दोन हात आहेत, आणि ते चित्राच्या उजव्या दोन-तृतीयांश भागातच आहेत. डावा एक-तृतीयांश भाग तिने पूर्ण कोरून मोकळा ठेवला आहे. (ब्लॉकवर अर्थातच तो उजवीकडे आहे; छापताना बाजू उलटते.) त्या कोऱ्या पट्टीत ओवी खिळ्यांच्या टायपात छापावयाची, अशी तिची कल्पना होती.

तिच्यापुढे दोन अर्ज आहेत. एक मुद्राचित्रांच्या स्पर्धेचा, दुसरा बोधचित्रांच्या, म्हणजे ज्याला दिवाळी अंकांच्या भाषेत कथाचित्र आणि महाविद्यालयाच्या भाषेत 'इलस्ट्रेशन' म्हणतात त्याच्या स्पर्धेचा. दोन्हींचे शुल्क भरण्याची तिची ऐपत नाही, आणि दोन्हीकडे अट आहे की तीच कृती अन्यत्र पाठवलेली नसावी. ही अट मुद्राचित्राच्या बाबतीत काहीशी विचित्रच म्हणावी लागेल. जी कृती मुळातच अनेक प्रतींत अस्तित्वात येते, तिला स्पर्धा एका जागी, एका निवाड्यापुढे उभे राहण्याची सक्ती करते. चित्रकाराला कॅनव्हास एकच असल्यामुळे जे करावे लागते, ते मुद्राचित्रकाराला वीस प्रती असूनही करावे लागते.

दोन्ही स्पर्धांच्या नियमावल्या शेजारी ठेवून वाचल्या, तर त्या केवळ मापे आणि मुदती सांगत नाहीत, हे ध्यानात येते. मुद्राचित्रांच्या स्पर्धांमागे एक व्याख्या उभी असते. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या दृश्यकलावंतांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'मूळ मुद्राचित्र' कशास म्हणावे याविषयी काही तत्त्वे मांडली. आवृत्तीच्या प्रती किती हे कलावंताने ठरवावे, प्रत्येक प्रतीवर त्याची स्वाक्षरी, प्रतीचा क्रमांक आणि एकूण प्रतींची संख्या असावी, आणि आवृत्ती संपल्यावर मूळ ठसा रद्द करणे इष्ट. मोजलेली, स्वाक्षरी केलेली, पुढे वाढू न शकणारी अशी ही अनेकता आहे. बोधचित्रांच्या स्पर्धांमागील कल्पना याच्या जवळजवळ उलट आहे. बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेत १९६७ पासून भरत असलेल्या बोधचित्रकारांच्या प्रदर्शनासाठी एका सूत्रात गुंफलेली पाच चित्रे मागितली जातात; सुटे, एकटे, उत्तम चित्र तेथे उपयोगाचे नाही. त्याच वर्षी ब्रातिस्लाव्हा येथे सुरू झालेले द्वैवार्षिक प्रदर्शन प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांतील चित्रांचाच विचार करते. प्रती किती, हा प्रश्न या दोन्ही ठिकाणी गौण आहे. पुस्तकाच्या प्रती जितक्या अधिक तितके बरे. महत्त्वाचा आहे तो चित्राचा शेजार, म्हणजे आधीचे चित्र, नंतरचे चित्र, आणि शब्द.

साहित्यविचारात वाङ्मयप्रकाराचे जे कार्य मानले जाते, तेच येथे स्पर्धा करते. एखादी संहिता कादंबरी म्हणून वाचायची की आत्मचरित्र म्हणून, हे ठरले की तिच्यातील कोणत्या गोष्टी अर्थपूर्ण मानायच्या आणि कोणत्या नाहीत, हेही बऱ्याच अंशी ठरते. तेच हात, तोच खुंटा, तीच कोरी पट्टी. एका स्पर्धेत ती पट्टी रचनेतील पांढऱ्याचा अवकाश ठरेल. दुसऱ्या स्पर्धेत ती शब्दांची वाट पाहणारी जागा असेल. तेव्हा अर्ज भरणे म्हणजे आपल्या कृतीविषयी एक विधान करणे आहे: 'ही कृती शब्दांवाचून पुरी आहे', किंवा 'ही शब्दांसह पुरी होते'. आणि विधान म्हटले की ते खरे वा खोटे असण्याची शक्यता आली. स्पर्धेच्या निवडीतील नैतिकता शोधावयाची ती येथे. बक्षिसाची इच्छा धरणे योग्य की अयोग्य, कलावंताने स्पर्धेत उतरावे की नाही, या नेहमीच्या वादात ती सापडत नाही. बक्षिसाची इच्छा धरूनही खरे विधान करता येते, आणि स्पर्धांकडे तुच्छतेने पाहणारा कलावंतही आपल्या कृतीविषयी सर्रास खोटे बोलत असतो.

आता ही विद्यार्थिनी मुद्राचित्रांच्या स्पर्धेकडे अधिक ओढली जाईल, हे जवळजवळ निश्चित. तिच्या शिक्षणानेच ते घडवून आणलेले आहे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलच्या परंपरेत पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था निघाली, आणि राज्यभरच्या महाविद्यालयांत ती विभागणी पसरली. एका बाजूला चित्र, शिल्प, मुद्राचित्र. दुसऱ्या बाजूला जाहिरात, अक्षरांकन, बोधचित्र. विभागणी प्रशासकीय होती, तिचे रूपांतर श्रेणीत झाले. या श्रेणीला मराठी सौंदर्यविचाराचाही हातभार लागला आहे. मर्ढेकरांच्या भूमिकेनुसार चित्रातील सौंदर्य रेषा-रंगांच्या लयबद्ध रचनेत असते. चित्र कशाचे आहे, कोणत्या कथेचे आहे, हे त्या सौंदर्याच्या दृष्टीने अप्रस्तुत ठरते. कांटने १७९० मध्ये केलेला स्वतंत्र आणि अवलंबी सौंदर्यातील भेद याच दिशेने वाचला गेला आणि अवलंबी हे कनिष्ठ असा अर्थ त्यातून काढण्यात आला. कांटच्या विवेचनातून एवढा सरळ अर्थ निघतोच असे नाही. पण महाविद्यालयांच्या वऱ्हांड्यांत सूक्ष्म भेद टिकत नाहीत. 'हे फार इलस्ट्रेटिव्ह झाले आहे' हे वाक्य तेथे दोष दाखवण्यासाठीच उच्चारले जाते.

मर्ढेकरांच्या सिद्धांताचे बळ मान्य करूनही असे म्हणावे लागेल की मुद्राचित्र आणि बोधचित्र यांची गाठ तो सोडवू शकत नाही. १९३० मध्ये रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या मुळाक्षरांच्या पुस्तकासाठी नंदलाल बोस यांनी केलेली लिनोकट चित्रे घ्यावीत. त्यांतील काळ्या-पांढऱ्याची लय स्वयंपूर्ण आहे, हे कोणीही रसिक मान्य करील. तरी ती अक्षर शिकणाऱ्या मुलाच्या डोळ्यासाठी केलेली आहेत, आणि पानावर शब्द किती जागा घेणार हे ठरल्यावरच चित्राने आपली जागा घेतली आहे. यातले 'शुद्ध' किती आणि 'उपयोजित' किती, असा हिशेब करू जाता हाती काहीच लागत नाही. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये गिरगावात सुरू केलेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या छापखान्यातील शिलामुद्रित चित्रे तर दोन्ही व्याख्यांच्या बाहेर पडतात. ती ना क्रमांकित होती, ना पुस्तकातील. ती देवघरात गेली. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला, तेव्हापासून मराठी घरात चित्र म्हणून जे काही आले, त्यातले पुष्कळसे कथेच्या शेजारी बसूनच आले. अवलंबून असणे हा दोष मानला, तर मराठी समाजाच्या दृश्यसंवेदनेचा मोठा भागच सदोष ठरवावा लागेल.

तेव्हा प्रतिष्ठेचा विचार बाजूला ठेवून पुन्हा त्या कोऱ्या पट्टीकडे यावे. हा ब्लॉक मुद्राचित्रांच्या स्पर्धेला पाठवायचा तर विद्यार्थिनीपुढे दोन मार्ग आहेत. ती पट्टी तशीच ठेवून द्यायची, किंवा ब्लॉकचा तेवढा भाग कापून टाकायचा, म्हणजे हात आपोआप चौकटीच्या मध्यभागी येतील. दुसऱ्या मार्गाने चित्र अधिक 'बांधीव' होईल, यात शंका नाही. परीक्षकांना ते अधिक आवडेल असेही तिला वाटते. आणि ठसा बदलणे हे काही मुद्राचित्रणात पाप नव्हे. रेम्ब्रांने १६५३ च्या 'तीन क्रूस' या आपल्या मुद्राचित्राचा पत्रा पुढे इतका बदलला की चौथ्या अवस्थेत आधीच्या अनेक आकृती गडद रेषांच्या अंधारात बुडून गेल्या. बदलापूर्वीच्या अवस्थेच्या प्रती उरतात, म्हणून या माध्यमात कर्त्याचे मन बदलल्याचा पुरावाही उरतो. चित्रकाराचा पहिला विचार रंगाच्या थराखाली गाडला जातो; मुद्राचित्रकाराचा पहिला विचार कोणाच्या तरी संग्रहात शाबूत असतो. पट्टी कापण्यापूर्वी चार प्रती काढून ठेवल्या, तर या विद्यार्थिनीच्या बाबतीतही तसेच होईल. मग गैर काय?

गैर असलेच तर ते कारणात आहे. रेम्ब्रांने तो प्रसंग वेगळ्या रीतीने पाहिला म्हणून पत्रा बदलला, असे त्या दोन अवस्था शेजारी ठेवून पाहणाऱ्याला म्हणता येते. बदलाचे कारण चित्रात दिसते. पट्टी कापण्याचे कारण चित्रात कोठेही दिसणार नाही. ते परीक्षकाच्या अभिरुचीविषयीच्या एका अंदाजात आहे. येथे अट आणि अंदाज यांत भेद करणे आवश्यक आहे. कला अटींवाचून होत नाही. लिनोची जाडी, शाईचा चिकटपणा, उलटणारी बाजू, एकदा कोरलेले परत न भरता येणे, या अटी आहेत. ओवीचा विस्तार हीसुद्धा अट आहे. किंबहुना साठ सेंटिमीटरपेक्षा मोठा कागद चालणार नाही, हा स्पर्धेचा नियमही अट म्हणून कृतीत शिरू शकतो, जसा वृत्ताचा नियम कवितेत शिरतो. अट ही प्रतिकार करते. तिच्याशी झगडता येते, आणि त्या झगड्याची खूण कृतीवर राहते. परीक्षकाची अभिरुची प्रतिकार करीत नाही, कारण निर्मितीच्या वेळी ती समोर नसतेच. तिच्याविषयीचा आपलाच तर्क तेवढा समोर असतो. तिच्याशी झगडा होत नाही, केवळ तिला आगाऊ शरण जाता येते.

रॉबर्ट राउशनबर्गच्या 'ॲक्सिडेंट' या शिलामुद्रेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. छपाई चालू असता शिळा भंगली. राउशनबर्गने भंगलेल्या शिळेवरूनच प्रती काढल्या; तो तडा चित्रभर आडवातिडवा दिसतो आणि खाली शिळेच्या कपच्यांचे ठसेही दिसतात. १९६३ मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना येथील द्वैवार्षिकात या चित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. यावरून 'अपघातालाच बक्षीस मिळते' असा सुटसुटीत निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. पुढच्या वर्षी पुष्कळांनी मुद्दाम शिळा फोडल्या असत्या, तरी त्यांतून तसे चित्र झाले नसते. कारण फोडलेली शिळा हा अंदाज झाला, भंगलेली शिळा ही अट होती.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. कृतीचा अर्थ कर्त्याच्या हेतूने ठरत नाही, हे विमसॅट आणि बीअर्डस्ली यांनी १९४६ मध्येच मांडले. बार्थने तर पुढे लेखकाचा मृत्यूच जाहीर केला. पट्टी ओवीसाठी होती, हा विद्यार्थिनीचा हेतू. चित्र तिच्या हातून सुटल्यावर त्या हेतूला काय किंमत? परीक्षकाने तिला शुद्ध अवकाश म्हणून वाचले तर ते वाचन खोटे कसे ठरेल? आणि वाचन खोटे ठरत नसेल, तर अर्जात केलेले विधान तरी खोटे कसे? या आक्षेपातील पहिला भाग मान्य करावाच लागेल. परीक्षकाचे वाचन खोटे नाही. परंतु अर्ज भरणे ही अर्थनिष्पत्ती नव्हे, ती एक कृती आहे, आणि ती करणारी व्यक्ती जिवंत आहे. साक्षीदाराच्या शब्दांचे अर्थ न्यायालय वाटेल तसे लावू शकते. म्हणून साक्षीदाराला वाटेल ते बोलण्याची मुभा मिळत नाही.

मात्र आक्षेपाने एक वाट मोकळी करून दिली आहे, ती सोडून देऊ नये. पट्टी न कापता, जशीच्या तशी ठेवून, ती प्रत मुद्राचित्रांच्या स्पर्धेला पाठवता येईल. तेव्हा तिचे विधान 'ही शब्दांवाचून पुरी आहे' असे राहणार नाही. 'अपुरेपणासह हीसुद्धा मुद्राचित्रच आहे, तुमची व्याख्या तपासा' असे होईल. हे खोटे नाही, हा युक्तिवाद आहे. अशा युक्तिवादांनी व्याख्या बदललेल्या आहेत. १९५७ ते १९७९ या काळात तोक्योत भरत असलेल्या आंतरराष्ट्रीय मुद्राचित्र द्वैवार्षिकात १९६८ साली तेत्सुया नोदाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, ते कुटुंबाच्या छायाचित्रांचा आणि काष्ठठशाचा मेळ घालणाऱ्या चित्रांसाठी. छायाचित्राला मुद्राचित्र म्हणावे काय, या वादात ती चित्रे स्वतःच एक बाजू होती. अर्थात नोदा जिंकला म्हणून हे उदाहरण सांगता येते. हरलेल्या युक्तिवादांची नोंद कोणत्याच सूचिपत्रात नसते, आणि एकाच शुल्काची ऐपत असलेल्या मुलीला असा युक्तिवाद करायला सांगणे हे इतरांच्या खर्चाने शूर होण्यासारखे आहे.

खर्चाचा हा मुद्दा नीतिविचारात सहसा तळटीपेत ढकलला जातो. तसे करणे बरोबर नाही. चित्रकाराला चौथ्या मजल्यावरच्या खोलीतही चित्र काढता येते. मुद्राचित्रकाराला यंत्र लागते, आणि यंत्र संस्थांच्या ताब्यात असते. बक्षीस, त्यातून मिळणारी शिष्यवृत्ती, तिच्या आधाराने एखाद्या सामूहिक कार्यशाळेत वर्षभर प्रेस वापरण्याची संधी, यांवर तो मुद्राचित्रकार राहील की नाही हे अवलंबून असते. भोपाळच्या भारत भवनाने १९८९ मध्ये मुद्राचित्रांचे आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक सुरू केले किंवा ललित कला अकादमीने २०१८ मध्ये दिल्लीत तसे भरवले, तर त्याकडे केवळ मानसन्मानाची बाब म्हणून पाहता येत नाही. बोधचित्रकाराची गरज वेगळी आहे. त्याला प्रकाशक हवा असतो. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील चित्रकारांसाठी तोक्योहून १९७८ पासून चालवली गेलेली नोमा स्पर्धा प्रसिद्ध न झालेली चित्रे स्वीकारत असे, हे तिचे मोठेपण होते. ती २००८ नंतर राहिली नाही. सारांश, जिंकण्याची इच्छा ही या दोन्ही क्षेत्रांत पुष्कळदा काम चालू ठेवण्याची इच्छा असते, आणि तिला हाव म्हणणारा समीक्षक बहुधा पगारदार असतो.

पण गरज कोणत्या गोष्टीचे समर्थन करू शकते, याला मर्यादा आहे. दोहोंपैकी अधिक लाभाची स्पर्धा निवडणे तिने समर्थनीय होते. आठांपैकी जे ब्लॉक ओवीवाचून उभे राहतात, ते मुद्राचित्रांच्या स्पर्धेला पाठवण्यात काहीच वावगे नाही, जरी ते ओवीवरून सुचले असले तरी; सुचणे आणि अवलंबून असणे या दोन गोष्टी आहेत. गरजेने पट्टी कापण्याचेही समर्थन होते काय? कदाचित एकदा होईल. मात्र सुरी हातात घेताना तिला ठाऊक असले पाहिजे की ती चित्र सुधारीत नाही, चित्राच्या बदल्यात काही घेत आहे. हे ठाऊक असणे आणि स्वतःला 'रचना आता सुधारली' असे पटवून देणे यांतील अंतर फार मोठे आहे. पहिल्या स्थितीतला कलावंत पुढचा ब्लॉक पुन्हा मोकळ्या पट्टीचा करू शकतो. दुसऱ्या स्थितीतल्याच्या हातून ती पट्टी पुढे आपोआपच येईनाशी होते, आणि का येत नाही हे त्यालाही कळत नाही.

बोधचित्रांच्या स्पर्धेचा मार्ग तुलनेने सरळ दिसतो, पण तोही निर्वेध नाही. काही स्पर्धांच्या नियमांत, पाठवलेल्या चित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे जातील, असे एक वाक्य शेवटी शेवटी असते. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या (१९५७) कलम ५७ नुसार हक्क हस्तांतरित केल्यावरही कृतीचे कर्तेपण सांगण्याचा आणि तिच्या विकृतीला हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. अमरनाथ सहगल यांच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाविषयीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अधिकार ठामपणे उचलून धरला. परंतु येथे कर्ते कोण? ओवी आजीची आहे, आणि आजीचीही नाही. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात गाणारीचे नाव आणि गाव नोंदवण्याचा कटाक्ष आहे. रचणारी कोण, हा प्रश्न तेथेही तसाच राहतो. अर्जातील 'मजकुराचा लेखक' या रकान्यात काय लिहावे, यासाठी नियमावलीत मार्गदर्शन नाही. 'पारंपरिक' असा शब्द लिहून रकाना भरता येतो, आणि गाणारी त्यात नाहीशी होते.

आणि गाणारीचा या चित्राशी संबंध केवळ मजकुरापुरता नाही. चमच्याने घासून काढलेली पहिली प्रत, काळी शाई काही ठिकाणी पातळ राहिलेली, विद्यार्थिनीने आजीला दिली आहे. पट्टीत तेव्हा टाईप बसवलेला नव्हता. आजीला वाचता येत नाही. पट्टी तिच्या दृष्टीने कोरी असली काय आणि भरलेली असली काय, ओवी तिला पाठ आहे. ती प्रत आता गावातल्या भिंतीवर खिळ्याने अडकवलेली आहे आणि तिच्यावर स्वाक्षरी वा क्रमांक नाही. मुद्राचित्रांच्या स्पर्धेचा अर्ज भरायचा ठरले, तर आवृत्तीच्या एकूण प्रती किती, या रकान्यात ती मोजायची की नाही, हे विद्यार्थिनीला ठरवावे लागेल. व्हिएन्नाच्या तत्त्वांप्रमाणे मोजावीच लागते. मोजली, तर तिच्यावर क्रमांक घालण्यासाठी गावी जाऊन ती भिंतीवरून उतरवावी लागेल.